मेथी कोलमडते, पालकावर रेघा, अळू खाजतो
नमस्कार मंडळी, या आठवड्यात कांदा-कपाशी बाजूला राहिली आणि परसबागेतल्या पालेभाज्यांचेच तीन प्रश्न आले, तर आज तेच घेतो.

पहिला एका ताईंचा. मेथी मस्त उगवते पण दोन बोटं वर आली की बुडाशी काळी पडून आडवी होते. ताई, ही रोपांची मर, बुरशी मातीत असतेच पण तिला आमंत्रण आपण देतो, मूठ मूठ दाणे एकाच ट्रेमध्ये फेकायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाइप सोडायचा, मग हवा खेळणार कुठून? ओळीत पातळ पेरा, दाणा अर्ध्या इंचापेक्षा खोल नको, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच झारीने पाणी, तेही सकाळी. पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा (मरीच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते) चोळा, किलोला 5 ग्रॅम म्हणजे घरच्या वाटीला चिमूटभर पुरते. किराणा दुकानातली मेथी पण उगवते बरं का, पण औषध लावलेलं रंगीत बी चुकूनही फोडणीच्या डब्यात जाऊ देऊ नका. 25-30 दिवसांत उपटून घ्या, फुलावर आली की पाला निबर.

दुसरा, पालकावर पांढऱ्या नागमोडी रेघा. नागअळी आहे. ती पानाच्या पापुद्र्यात लपते म्हणून तसली पानं खुडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्यावर 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. दुकानदाराने कपाशीचं औषध पुढे केलं तर हात जोडा, ही भाजी आपण परवा खाणारोत.

तिसरा प्रश्न एका दादांचा, मोरीच्या पाण्यावरचा अळू जोमात आहे पण घसा खाजतो. दादा, अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात, त्यात मोरीच्या पाण्याचा दोष नाही (साबणाचं पाणी तेवढं कमी सोडा). चिरताना हाताला तेल लावा, देठं सोलून घ्या आणि पाला अगदी गळेपर्यंत शिजवा, घाई केली की खाजलाच. चिंच किंवा आंबट चुका हवाच. आमच्याकडे फतफत्यात चुका, भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे नि गुळाचा खडा असतो, वडीला मात्र काळ्या देठाचा अळू घ्यावा. कुंडीतला शोभेचा रंगीत अळू खायचा नाही, तो विषारी असतो.

आणि फोटो पाठवताना पानाची मागची बाजू पण काढत जा, कीड बहुतेक तिथेच बसलेली असते.