नॅरोबोटीवर डिझेलचा स्टोव्ह रात्रभर चालू ठेवावा का?

इंग्लंडमधल्या कालव्यावर पहिलाच हिवाळा, स्टोव्ह डिझेलचा, आणि तो पेटता ठेवून झोपायची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यातल्या लांबट, अरुंद बोटीत राहतो. ऊब भरपूर मिळते. बोट जेमतेम सात फूट रुंद, तापायला वेळ लागत नाही. धास्ती मात्र थोडी असलेलीच बरी.

या स्टोव्हला वीज लागत नाही. उंचावरच्या टाकीतलं डिझेल रेग्युलेटरमधून (धार कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) थेंबथेंब बर्नरच्या भांड्यात उतरतं. तापलेल्या भांड्यात त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. पूर्वी घरी रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हला आधी स्पिरिटचा काकडा लावायचे, तसंच हे. भांडं तापेपर्यंत धीर धरा, तोवर धार वाढवू नका. आणि ज्योत मध्येच विझली तर गरम भांड्यात लगेच काडी टाकू नका. साचलेली वाफ भक्कन पेट घेते. पूर्ण गार होऊ द्या, तळाशी डिझेल साचलं असेल तर फडक्याने टिपून घ्या, मगच पेटवा.

पहिल्या वर्षी मी डिझेल वाचवायला ज्योत सतत अगदी बारीक ठेवायचो. आठवडाभरात भांड्याच्या कडेने काजळीची खरबरीत पापडी धरली, धुराडं चोंदलं, ज्योत लाल-नारिंगी होऊन लोळायला लागली. तशी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. म्हणून स्टोव्ह गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. लहान घ्या आणि तो मोकळा जळू द्या. रोज संध्याकाळी अर्धा तास मोठा करा, काजळी बरीच जळून जाते.

थंडीत झरोक्यातून गार झोत आला की तिथे फडकं कोंबावंसं वाटतं. कृपा करून कोंबू नका. आग त्याच हवेवर जळते, आणि ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. राहण्याची केबिन असलेल्या बोटींना त्याचा अलार्म एप्रिल २०१९ पासून सुरक्षा तपासणीत सक्तीचा आहे. एक स्टोव्हच्या खोलीत लावा, दुसरा झोपायच्या जागी, आणि बटण दाबून तपासत राहा.

शांत रात्री मी स्टोव्ह चालू ठेवून झोपतो. वारा उलटा धुराड्यात शिरायला लागला की विझवतो आणि जाड रजई ओढतो.