वाचकांचे प्रश्न : ओक पार्कचे हायस्कूल

प्रश्न : माझी मुलगी व जावई शिकागोलगतच्या ओक पार्क या उपनगरात राहतात. नात येत्या ऑगस्टमध्ये तिथल्या हायस्कुलात नववीला जाईल. जावई म्हणतात, शाळा ‘पब्लिक’ आहे, म्हणून शिक्षणशुल्क नाही. आमच्याकडे पाटीवर ‘पब्लिक स्कूल’ दिसले की पालक आधी खिसा चाचपतात. शिवाय शाळा जुनी आणि नामांकित आहे असेही ऐकतो. हे सारे कसे जमते?
— एक आजोबा, सातारा

उत्तर : आपल्याकडच्या पाटीवरचा ‘पब्लिक’ हा शब्द इंग्लंडमधल्या ईटन, हॅरो यांसारख्या महागड्या खासगी शाळांच्या वळणाने आला, तर अमेरिकेत त्याचा अर्थ सरळ आहे : लोकांच्या करातून चालणारी आणि त्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रवेश देणारी शाळा. आपल्या नातीच्या शाळेचे पूर्ण नाव ‘ओक पार्क अँड रिव्हर फॉरेस्ट हायस्कूल’ असे आहे. ओक पार्क आणि रिव्हर फॉरेस्ट या दोन शेजारी गावांची मिळून ही एकच शाळा असून तिच्यासाठी ‘डिस्ट्रिक्ट 200’ नावाची स्वतंत्र यंत्रणा आहे. आठवीपर्यंतच्या शाळांचा कारभार मात्र दोन्ही गावांत वेगळा, म्हणजे ओक पार्कमध्ये डिस्ट्रिक्ट 97 आणि रिव्हर फॉरेस्टमध्ये डिस्ट्रिक्ट 90 यांच्याकडे असतो. जावयांना घरपट्टीचे बिल दाखवायला सांगा; त्यात हायस्कुलाच्या नावाची वेगळी ओळ आणि तिच्यापुढे रक्कम दिसेल. ती ओळ म्हणजेच शाळेची फी, फक्त ती मूल नसलेला घरमालकही भरतो. कारभार पाहणारे सात सदस्य मतदार निवडून देतात आणि त्यांना मानधन मिळत नाही.

हा कर सुखासुखी मान्य झालेला नाही. प्राथमिक शिक्षण ठीक, पण हायस्कुलाचा खर्च सगळ्यांनी का सोसावा, असा आक्षेप घेत मिशिगन राज्यातील कॅलामझू गावचे काही करदाते न्यायालयात गेले होते. 1874 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला आणि इतर राज्यांतही त्याचा आधार घेतला जाऊ लागला. ओक पार्कमधले हायस्कूलही त्याच दशकातले.

प्रश्न : अमेरिकी कादंबरीकार हेमिंग्वे याच शाळेत शिकले, हे खरे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा जन्म 1899 मध्ये ओक पार्क येथेच झाला आणि 1917 मध्ये ते या शाळेतून उत्तीर्ण झाले. थोरली बहीण मार्सलीन त्यांच्याच वर्गात होती. ‘ट्रॅपीझ’ या शालेय वृत्तपत्रात ते लिहीत आणि त्याच्या संपादनातही त्यांचा हात असे. त्यांच्या कथा ‘टॅब्युला’ या शालेय मासिकात छापून आल्या. उत्तीर्ण होणाऱ्या वर्गातले कोण पुढे काय होणार, याचे गमतीदार ‘भविष्य’ लिहिण्याची प्रथा तेव्हा होती आणि 1917 च्या वर्गाचे भविष्य हेमिंग्वे यांनीच लिहिले. शाळा सुटल्यावर महाविद्यालयाच्या वाटेला न जाता ते कॅन्सस सिटीच्या वृत्तपत्रात बातमीदार झाले. मॅकडॉनल्ड्सचा पसारा जगभर नेणारे रे क्रॉक हेही इथलेच, पण त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले. ही आठवण साताऱ्याच्या आजोबांनी नातीला लगेच सांगू नये.

प्रश्न : तिथल्या परंपरा म्हणजे नेमके काय? आपल्यासारखे स्नेहसंमेलन असते का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : स्नेहसंमेलनाच्या सर्वांत जवळचे म्हणजे ‘होमकमिंग’. शरद ऋतूत फुटबॉलचा सामना असतो, त्या निमित्ताने माजी विद्यार्थी परततात आणि मग नृत्याची संध्याकाळ होते. हा फुटबॉल अर्थातच हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. पुढे इलिनॉय विद्यापीठात नावाजलेले प्रशिक्षक बॉब झप्के 1910 ते 1912 या काळात याच शाळेत होते. शाळेचे रंग नारिंगी व निळा, संघाचे नाव ‘हस्कीज’ आणि बोधवाक्य ग्रीक : ‘ता गारिस्ता’, म्हणजे जे उत्तम ते. आपल्याकडे शाळांची बोधवाक्ये संस्कृत असतात, त्यातलाच हा प्रकार.

मला सर्वांत बोलकी वाटते ती निरोपसमारंभाच्या पोशाखाची गोष्ट. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत उत्तीर्ण होणारी मुले झगा आणि चौकोनी टोपी घालतात. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या मुली पांढऱ्या पोशाखात व हातात लाल फुले घेऊन, तर मुले गडद सूट आणि लाल टाय घालून येत. दिसायला हे देखणे होते, पण मुलगी की मुलगा हे कपड्यांनीच ठरवून टाकण्यावर आक्षेप आला आणि अलीकडे शाळेने सर्वांसाठी झगा व टोपी स्वीकारली. जुन्या विद्यार्थ्यांना हळहळ वाटली असेल तर ती समजण्यासारखी आहे. मात्र ज्या गावात 1950 आणि 1951 मध्ये पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाच्या घरावर हल्ले झाले, त्याच गावाने 1968 मध्ये घरखरेदीत वर्णभेद करण्यास मनाई करणारा नियम केला आणि पुढे आठवीपर्यंतच्या एका शाळेला ज्युलियन यांचे नाव दिले. अशा गावात पोशाखाचा प्रश्न चर्चेला येणे मला तरी अनपेक्षित वाटत नाही.