पहिला चेक लिहिण्याआधी

तुम्ही विचारलंत, "मी फायनान्सचा माणूस नाही, मग नव्या स्टार्टअपच्या संस्थापकांच्या मागे पैसे लावू का?" अहो, मीही नव्हतो. बारा वर्षं खरेदी विभागात काढली. पुरवठादार थापा मारतोय हे नुसत्या आवाजावरून कळायचं. आज तेच कामी येतं, एक्सेल नव्हे.

माइक मार्कुलांचंच बघा. फेअरचाइल्ड आणि इंटेलमध्ये मार्केटिंग केलं, शेअर्समुळे हाती पैसा आला आणि १९७७ मध्ये ॲपलमध्ये २.५ लाख डॉलर घातले. (त्यातलं बरंचसं कर्जरूपाने होतं, हे लोक विसरतात.) पण पैसे देऊन ते मोकळे झाले नाहीत, धंद्याची योजना आखायला स्वतः बसले. तेव्हा ज्या धंद्याचे खाचखळगे ठाऊक आहेत, तिथूनच सुरुवात करा.

माझा पहिला चेक बुडाला. सादरीकरण झकास होतं, त्यालाच भुललो. आता संस्थापकाला आधी विचारतो: शेवटचा ग्राहक का सोडून गेला? एका बाईंनी उत्तर देण्याऐवजी वही उघडली. सोडून गेलेल्या सात ग्राहकांची नावं, प्रत्येकापुढे कारण, दोन ठिकाणी 'चूक माझी'. त्याच आठवड्यात मी होकार कळवला.

रक्कम? सगळी गेली तरी झोप उडणार नाही, एवढीच. तीही दहा-पंधरा ठिकाणी विभागून. थोडी पुढच्या फेरीसाठी, म्हणजे कंपनी पुन्हा पैसे उभारेल तेव्हासाठी, राखा, कारण नव्या गुंतवणूकदाराने नवे शेअर्स घेऊन २० टक्के हिस्सा मिळवला की तुमचे १० टक्के ८ वर येतात. हे गणित मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.