पणजोबांच्या अल्बममधील नाशिक यात्रेच्या फोटोंचे साल कसे ठरवावे, आणि ते नव्या अल्बममध्ये लावावेत का?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर साल ठरवण्याचे साधनच हातातून जाते. फोटो इतक्यात काढू नका. आमच्या पंचवटीतल्या जुन्या अल्बमची काळी जाड पाने मोडू लागली म्हणून मी तीस वर्षांपूर्वी त्यातले फोटो सोडवून त्या काळी नवलाईच्या असलेल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये लावले. फोटोंमागचे लिखाण काळ्या कागदाला चिकटून फाटले, कोणता फोटो कोणाशेजारी होता तेही हरवले, आणि आता ते फोटो चिकट पानांवरून निघत नाहीत. आधी प्रत्येक पानाचा, रिकाम्या जागांसकट, सरळ वरून फोटो घ्या. एका पानावरचे फोटो पुष्कळदा एकाच प्रवासातले असतात, त्यामुळे त्यातल्या एकाचे साल कळले की बाकीच्यांचाही अंदाज येतो.

तुमचे बरेच फोटो पत्त्याच्या पानाएवढे आहेत, म्हणजे ते सुमारे ६ बाय ९ सेंटिमीटरच्या निगेटिव्हवरून तिच्याच आकारात छापलेले असावेत. या मापाची फिल्म कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणली. पुढे ती कित्येक दशके चालली, तेव्हा त्यावरून फोटो १९०१ च्या आधीचा नाही एवढेच कळते, तो कधीपर्यंतचा असेल ते नाही. एखाद्या फोटोच्या कडेला हाताने लिहिलेली पांढरी अक्षरे दिसली तर मात्र लक्ष द्या, कारण १९१४ पासून कोडॅकच्या काही कॅमेऱ्यांत मागची छोटी झडप उघडून फिल्मवरच टिपण लिहिण्याची सोय होती.

आता नाशिकचे फोटो. स्टेशनापासून गावात येणारी घोड्यांची ट्राम दिसत असेल तर फोटो १९३० च्या दशकाच्या आरंभापूर्वीचा किंवा फार तर त्या सुमाराचा आहे, कारण पुढे ती बंद पडली. व्हिक्टोरिया पुलावरून (आजचा अहिल्याबाई होळकर पूल) काहीच ठरत नाही. तो या सगळ्या फोटोंच्या आधीचा आहे. कसारा घाटात रुळांवर विजेच्या तारा दिसल्या तर फोटो १९३० च्या आसपासचा किंवा नंतरचा समजा. डोक्यावरचे वस्त्रही बोलते: पांढरी गांधी टोपी असहकाराच्या चळवळीनंतर, म्हणजे १९२०-२१ पासून, सर्वत्र पसरली. उलट पगडीवरून साल ठरवू नका, वयस्कर माणसे ती पुढेही कित्येक वर्षे घालत. रामकुंडावर साधूंची अफाट गर्दी असेल तर १९२० किंवा १९३२ चा सिंहस्थ आधी तपासा.

याहून खात्रीचा मार्ग फोटोबाहेर आहे. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या ठेवतात. त्यांत गाव, आडनाव, वंशावळ आणि यात्रेकरूची सही किंवा त्याने सांगितलेले नाव, बहुधा तिथीसह, असते. तुमच्या गावाचे आणि आडनावाचे उपाध्ये कोण, हे रामकुंडाजवळ विचारल्यास कळते. पणजोबांची नोंद सापडली तर यात्रेच्या पानांना थेट तारीखच मिळेल.

घरातले फोटो कमी का आहेत, हेही तुम्ही विचारले आहे. त्या काळच्या फिल्मला उजेड भरपूर लागे आणि वाड्यातले माजघर किंवा स्वयंपाकघर अंधारे असे. म्हणून माणसे धुवट कपडे घालून चौकात किंवा ओसरीवर उभी राहत. रोजचे जगणे अशा फोटोंत मधोमध नसते, कडेला असते. आमच्या एका फोटोत पणजोबा खुर्चीत ताठ बसले आहेत आणि मागच्या बाजूला गंगेवरून (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) धुऊन आणलेले लुगडे दांडीवर वाळते आहे, त्याखाली तांब्याचा बंब आणि घंगाळ. पणजीचा वेगळा फोटो नाही. दाराच्या चौकटीआडून तिचा बांगड्या घातलेला अर्धा हात तेवढा आला आहे, आणि स्कॅन केलेली प्रत मोठी करून पाहीपर्यंत तो आमच्यापैकी कोणालाही दिसला नव्हता.

चिकटलेले फोटो ओढू नका. पावसाळ्यात अल्बम उघडणे टाळा, आणि नावे लिहायचीच असतील तर फोटोमागे नव्हे, वेगळ्या कागदावर पेन्सिलीने पान क्रमांक घालून लिहा.