आज्याचा कोट

प्रिय बाबू,

तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एक तुझ्या आज्याचा, भिंतीवरून हारासकट मोबाइलवर काढलेला. दुसरा यंदाच्या पोळ्याचा, तुझे बाबा ट्रॅक्टरच्या बोनेटवर हात ठेवून उभे. ‘काका, आबाजींचा फोटो ॲपमध्ये टाकून रंगीत केला, कोट निळा आला, कसा वाटतो?’ असं विचारलंस. निळा शोभतो. फक्त तुझ्या आज्यानं जन्मात कोट घातला नव्हता. तो कोट मी काढलाय.

१९८५ चा उन्हाळा. बुढा गेल्यावर चार-पाच दिवसांनी तुझे मोठे बाबा दुकानात आले, मागं तुझे बाबा, तेव्हा दहाएक वर्षांचे. घरात आज्याचा एकच फोटो होता. पोळ्याच्या दिवशी मालकाच्या वाड्यापुढं सात माणसं आणि चार बैल, डावीकडून तिसरा तुझा आजा. अंगात बंडी. मोठे बाबा म्हणाले, “भाऊ, तेरवीले पाहिजे. पण असा बंडीवर काहाले टांगाचा? कोट घालून द्या.”

मी आधी अख्ख्या फोटोची कॉपी निगेटिव्ह काढली. चेहरा करंगळीच्या नखाएवढा. तो दहा बाय बारा इंची कागदावर वाढवला की नाक कुठं संपतं आणि सावली कुठं सुरू होते, कळत नाही. मग ब्रश घ्यायचा. दोनदा लाइट गेली, दोन कागद वाया गेले. कोटाचं मला काही वाटत नाही. तालुक्यात निदान चाळीस घरांतल्या बुढ्यांच्या अंगात माझा तोच एक कोट असेल, कॉलरसुद्धा बदललेली नाही. पण तुझा आजा उन्हामुळं डोळे बारीक करून उभा होता आणि मी ते उघडले. गिऱ्हाइकाला टवटवीत बुढा हवा असतो. तुझ्या ॲपनं ते आणखी उघडलेत, वर दातही पांढरे करून दिलेत. माझ्या चित्रावर त्यानं चित्र काढलं, बाबू. फोटो त्यात उरलेला नाही.

म्हणून तो पोळ्याचा फोटो शोध. मोठ्या आईच्या पेटीत असेल. सापडला की चेहरे आधी पाहू नकोस, मागं पाहा. मी तो भिंगातून दोन दिवस पाहिलाय, म्हणून सांगतो. बैलांच्या मागं ज्वारी आहे, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. एका बैलानं मान झटकली म्हणून त्याचं तोंड पुसट आलंय, आणि बाकीचे सहा जण कॅमेऱ्याकडं पाहत असताना तुझा आजा एकटा त्या बैलाकडं पाहतोय. कॅमेरा मालकाच्या मुलाचा, आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बाराच फोटो, त्यातला एक सालदारांच्या वाट्याला आला. दुसरा कोण काढणार?

आता बाबांचा फोटो शेजारी ठेव. मागं गुडघ्याएवढं सोयाबीन, थेट नाल्यापर्यंत. ज्वारी एका दिवसात गेली नाही. कणसात पाणी शिरलं की दाणा काळा पडायचा, भाव मिळायचा नाही. उरलंसुरलं रोही आणि डुकरं न्यायची. सोयाबीन आलं, पैसा लवकर हातात आला. पण ज्वारीसोबत कडबा गेला, आणि विकतच्या कडब्यावर बैलजोडी किती दिवस ठेवणार? बाबांना ‘बैल का विकले’ असं विचारू नकोस, ते उठून कोठ्याकडं जातील. त्यांच्या हातात दोन्ही फोटो दे आणि ‘मागं काय आहे’ एवढंच विचार.

मीही शहाणा नव्हतो. १९९४ साली आपल्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन काढणार म्हटल्यावर छत्तीसचा अख्खा रोल त्या इंजिनावर संपवला. धूर आहे, चाकं आहेत, मँचेस्टरचं ते १९२१ चं लोखंड सगळ्या बाजूंनी आहे. कोळसा टाकणाऱ्याचा चेहरा एकाही फोटोत नाही. त्याच्याकडून मी तेव्हा विडी पेटवून घेतली होती.

कामाचं थोडं. भिंतीवरचा फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, फ्रेमसकट आण. चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. पेटीतल्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेताना फ्लॅश बंद, उजेड खिडकीतून आडवा. मला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर तो बारीक करून टाकतो. मागं नावं लिहायची ती शिसपेन्सिलीनं, अलगद. बॉलपेन पुढून उमटतो. सातांपैकी चौघांची नावं मला येतात. उरलेले तिघं मोठी आईच सांगेल, आणि तिला सकाळचंच विचार, दुपारनंतर तिचा घोळ होतो असं तूच म्हणाला होतास.

रंगीत केलेला पुसू नकोस, मोठ्या बाबांना तो आवडेल. कोट त्यांनीच मागितला होता.

बाजाराच्या दिवशी ये. निगेटिव्हचा डबा माळ्यावरून काढून ठेवतो. बंडीतली आणि कोटातली, दोन्ही त्यात असायला पाहिजेत, कसरीनं ठेवल्या असतील तर.

तुझा,
फोटोवाले काका