गोदामाच्या स्प्रिंकलरसाठी जमिनीखाली कोणता पाइप टाकावा : एमएस, डीआय की एचडीपीई?

तुम्ही लिहिलंय की जमीन काळी आहे, लाइन 150 मिमीची आहे आणि ठेकेदार म्हणतोय, ‘सी क्लास एमएस टाका, रॅपिंग करून देतो, वीस वर्षं बघायला नको.’ हेच वाक्य मी चाकणला ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

काळ्या जमिनीत एमएस, म्हणजे साधा पोलादी पाइप, पुरू नका. एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा पाइप टाका, नाहीतर डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्नचा ओतीव पाइप.

आमच्या कारखान्यात अशीच लाइन होती. 5.4 मिमी जाडीचा हेवी, म्हणजे तोच सी क्लास एमएस, वर रॅपिंगची टेप गुंडाळलेली. चौथा पावसाळा संपला आणि जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब टिकवून ठेवणारा छोटा पंप, रात्री दर सात-आठ मिनिटांनी चालू व्हायला लागला. दाब साडेसहा किलोवर उतरला की सुरू, सातला बंद. मी वरचे सगळे वॉल्व्ह, ड्रेन, टेस्ट लाइन पालथी घातली, कुठे थेंब नाही. लाइन जमिनीखाली गळतेय असं लिहून दिलं. तर मलाच लेखी खुलासा मागितला, की प्रेशर स्विचची सेटिंग का बिघडवली. दोन महिने तो पंप असाच धडधडत होता आणि दोष माझ्या नावावर.

शेवटी एका रविवारी कारखान्याभोवतीच्या रिंग लाइनचा एकेक भाग वॉल्व्हने बंद करत गेलो. तिसरा भाग बंद केला आणि प्रेशर गेजचा काटा जागेवर थांबला. तिथे खणलं. वेल्डिंगच्या जॉइंटवर नारळाएवढा दगड टेकलेला. त्याच्याखाली टेप फाटलेली आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून येत होती. पाइपला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर ते सरळ आत गेलं. एक हात पलीकडे तोच पाइप नव्यासारखा काळा कुळकुळीत.

कारण साधं आहे. फॅक्टरीतून आलेला पाइप चांगलाच असतो. जॉइंट मात्र खड्ड्यात बसून, वेल्डिंगवरची खपली (स्लॅग) न घासता, घाईत गुंडाळतात. मग वाळू न टाकता खणलेलाच दगडगोटा परत लोटतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि दर वर्षी तो दगड टेपवर घासत राहतो. रॅपिंगला एवढंसं भोक पडलं की गंज बाकी सगळा पाइप सोडून तिथेच खोल उतरतो. अमेरिकेतलं एनएफपीए 24, म्हणजे आगीच्या पाण्याच्या भूमिगत लाइनचं मानक, तर जमिनीखाली साधा स्टील पाइप चालवूनच घेत नाही, खास त्या कामासाठी मान्यता असेल तरच. आपल्याकडे रॅपिंग करून चालतो, म्हणून सगळे तोच टाकतात.

मी तेव्हाच एचडीपीई सुचवला होता. परचेसचे साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, ‘प्लास्टिक? आग लागली की वितळेल.’ सगळे हसले. अहो, लाइन एक मीटर मातीखाली आहे! तिथे आग कुठून पोचणार? वितळायचा प्रश्न जमिनीच्या वर येतो, म्हणून राइझरच्या, म्हणजे वर चढणाऱ्या उभ्या पाइपच्या आधीच स्टब एंड (एचडीपीईच्या टोकाला जोडायचा कॉलर) आणि बोल्टची फ्लँज लावून एमएसवर यायचं. उघड्यावर एक फूटही एचडीपीई ठेवायचा नाही. पीई 100 (प्लास्टिकची प्रत), पीएन 16 (16 बार दाबाचा) घ्या. पण मापात फसू नका : एचडीपीईचं माप बाहेरून मोजतात आणि भिंत जाड असते. 160 चा घेतलात तर आतून 150 मिळत नाही, एक-दोन मापं वरचा घ्यावा लागतो. हायड्रॉलिक हिशेब आतल्या व्यासावरच करून घ्या.

डीआय घेतलात तर के 9 (भिंतीच्या जाडीचा वर्ग), वर पॉलिथिन स्लीव्ह, आणि प्रत्येक बेंड-टीला पाण्याचा धक्का पेलणारा काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक. सॉकेटचे जॉइंट नुसते ढकलून बसवलेले असतात. ब्लॉक नसेल तर पंप सुरू झाल्यावर बेंड निसटतो.

मुरमाची कोरडी जमीन असेल आणि जॉइंटवर उभं राहून हॉलिडे टेस्ट (रॅपिंगमधली भोकं विजेने शोधायची चाचणी) करून घेणारा तुमचा स्वतःचा माणूस असेल, तर एमएसही टिकतो, हे मान्य. आणि एचडीपीईचं फ्यूजन, म्हणजे टोकं वितळवून जोडणं, शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या; धूळ राहिली तर तो जॉइंटही दगा देतो. ऑर्डर देण्यापूर्वी अग्निशमन विभाग आणि विमा कंपनी दोघांकडून मटेरियलला लेखी होकार घ्या.

चर बुजवायच्या आधी दाबाची चाचणी घ्या. निदान जॉइंट तरी तोपर्यंत उघडे ठेवा, आणि प्रत्येक जॉइंटचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो असते तर खुलासा मला द्यावा लागला नसता.