रक्तपेशींच्या केंद्रकावर काम सुरू करताय? आधी टप्पा पक्का करा

एचएल-६० या (माणसाच्या रक्तकर्करोगापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) पेशींना परिपक्व करण्यासाठी १ मायक्रोमोलर रेटिनोइक आम्ल दिलं की ४-५ दिवसांत केंद्रकाला पाळ्या फुटू लागतात, पण सगळ्या पेशी एकदम बदलत नाहीत. सीडी११बी (परिपक्व होणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर दिसणारं प्रथिन) पाहून त्या वेगळ्या करा, नाहीतर हाती येणारा क्रोमॅटिनचा (डीएनए आणि त्याला जोडलेल्या प्रथिनांचा) नकाशा दोन टप्प्यांची निरर्थक सरासरी असतो. पाळ्याच नसतील तर लॅमिन बी रिसेप्टर (पाळ्यांसाठी लागणारं, केंद्रकाच्या आवरणातलं प्रथिन) तपासा.

नकाशासाठी डीएनए आणि प्रथिनं जागच्या जागी जोडायला फॉर्माल्डिहाइड १ टक्का, १० मिनिटं. ते थांबवायला लगेच १२५ मिलिमोलर ग्लायसीन. फॉर्माल्डिहाइड जास्त वेळ ठेवलंत तर रेस्ट्रिक्शन एन्झाइम (ठरावीक जागी डीएनए तोडणारं) नीट कापत नाही.

लाल पेशींत गाटा१ आणि एलडीबी१ ही प्रथिनं डीएनएचा लूप (वेटोळं) करून दूरचा नियंत्रक भाग बीटा-ग्लोबिन जनुकाजवळ आणतात. मात्र लूप दिसला म्हणून जनुक चालू आहे असं धरू नका. त्याच नमुन्यातून आरएनए मोजाच.